पाणचक्कीवालीचा पोरगा

पाणचक्कीवालीचा पोरगा पुन्हा हरवला होता. मी शाळेतून आले, दप्तर खाटेवर भिरकावलं, तोंडात मूठभर मुरमुरे कोंबले आणि मोबाइल हातात घेतला. तोवर मोठीआई हातातलं सूप बाजूला सारून माझ्या शेजारी येऊन बसलीसुद्धा.

"गेला का पुन्हा?"

"गेला," मी म्हटलं.

"ह्या पोट्ट्याचे पाय बांधून काहून नाही ठेवत वं त्याची माय?"

ही पाणचक्कीवाली आमच्या गावची नाही. आमचं गाव पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर आहे आणि इथे पाणचक्की कोणी चित्रातसुद्धा पाहिलेली नाही. ती गेममधली बाई आहे. त्या गेममध्ये एक भलामोठा मुलूख आहे, बर्फाचे डोंगर, पडके किल्ले, दलदल, सगळीकडे घोड्यावर बसून हिंडता येतं आणि वाटेत जो भेटेल तो आपल्याला काही ना काही काम सांगतो. मूळ गोष्ट आहे एका राक्षसाची. तो राक्षस चंदनदादानं कधीच मारला होता. तो मेल्यावर गेम संपायला हवा की नाही? नाही संपत. गोष्ट संपते, पण कामं उरतात. कोणाची अंगठी आण, कोणाचा बैल शोध. ह्या बाईचं काम एकच: पोरगा घरी आला नाही, त्याला घेऊन ये.

बाई इंग्रजीत बोलते. मी मोठीआईला भाषांतर करून सांगायची, आणि इंग्रजीत माझे मार्क चांगले असले तरी भाषांतर अगदी मनाचं करायची. "माहा पोरगा सकाळपासून घरी नाही जी, पाहून ये ना, तुह्ये उपकार होतीन." त्यामुळे मोठीआईचा पक्का समज झाला होता की ती बाई आपल्याकडचीच, बर्फात नांदायला गेलेली. एकदा तिनं मला विचारलंही, तिचं माहेर कुठलं म्हणून.

मोबाइल चंदनदादाचा होता. तो मोठीआईचा एकुलता एक मुलगा आणि माझा चुलतभाऊ. आमचं अंगण एक, चुली दोन. गेल्या भादव्यात नदी चढली असताना तो डोहाजवळ जाळं काढायला गेला. पाण्यावर जाताना मोबाइल घरीच चार्जिंगला लावून जायची त्याची सवय होती, म्हणून मोबाइल राहिला. त्याचा डोंगा, म्हणजे लहान होडी, दुसऱ्या दिवशी बेशरमीच्या झुडपात अडकलेला सापडला. जाळं होतं, वल्हं होतं, डबासुद्धा होता. दादा नव्हता. मासे धरणाऱ्या आमच्या सगळ्या ढिवर मोहल्ल्यानं पाणी पिंजून काढलं, पुढच्या गावांना निरोप गेले. काहीच हाती लागलं नाही.

आमच्या मोहल्ल्यात माणूस गेला की त्याचा डोंगा घरासमोर आणून पालथा घालतात. तेरवीपर्यंत तो तसाच पालथा असतो. चंदनदादाचा डोंगा अंगणात मोहाच्या झाडाखाली होता, पण सरळ. पाऊस आला की त्यात पाणी भरायचं आणि मोठेबाबा, म्हणजे दादाचे वडील आसाराम, पत्र्याच्या डब्यानं ते उपसून टाकायचे. रोज दात घासल्यासारखं.

देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असतो. समाजातले जुने जाणते भैय्याजी दोनदा येऊन सांगून गेले होते की आता वर्ष होत आलं, पितृपक्षाच्या आत करून टाका, पोराचा जीव अधांतरी ठेवू नका. मोठेबाबा खाली मान घालून ऐकायचे. मोठीआई आतूनच म्हणायची, "पानाचा पोरगा मी नाही जाळत. माहा पोरगा हाडामासाचा होता."

आणि बातम्या यायच्या. कोणाच्या साळ्यानं तुमसरच्या स्टेशनवर पाहिला, दाढी वाढलेला. कोणी म्हणे पवनीच्या घाटावर बसतो, ओळख देत नाही. कोणी सांगे बपेऱ्याच्या पुलावर, पार मध्यप्रदेशच्या शिवेवर, लाल शर्टात. बातमी आली की मोठेबाबा नायलॉनच्या पिशवीत दादाचा फोटो आणि चिवड्याचा पुडा टाकून निघायचे. एसटीनं, टमटमनं, नाहीच मिळालं काही तर पायी. परत आले की पिशवी खुंटीला अडकवायचे आणि हात-पाय धुवायचे. मोठीआई त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता ताट वाढायची.

मला हे एकदा गणिताच्या तासाला सुचलं आणि मी बाकावरच ताठ झाले. बातम्या गेमसारख्याच होत्या. एक माणूस सांगणारा, एक ठिकाण, एक खूण. फक्त ठिकाण बदलायचं. आणि गेममध्ये हरवलेल्याच्या डोक्यावर पिवळा बाण दिसतो, मोठेबाबांना बाण नव्हता. मोठीआईनं तो बाण पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोबाइल हातात घेऊन किती तरी वेळ बोटानं चाचपला होता.

खरा घोळ त्यानंतर झाला. मोठीआईनं पाणचक्कीवालीचा कौल लावायला सुरुवात केली. बातमी आली की ती मला आधी गेम काढायला लावायची. तिचा पोरगा सापडला तर आपलाही सापडणार, म्हणजे मोठेबाबांनी जायचं. न सापडला तर नाही जायचं. सोपं होतं. मलासुद्धा त्याचा काय भाव चढायचा, की अख्खं घर माझ्या दोन अंगठ्यांकडे पाहून राहिलंय. आणि मी हरत नाही. लांडगे असोत की दरोडेखोर, मी त्या पोराला घरी घेऊनच येते. म्हणून मोठेबाबा प्रत्येक वेळी गेले.

बपेऱ्याहून आले ते ताप घेऊनच. पाय सुजले होते, छातीत घरघर होत होती. पवनीच्या डॉक्टरनं सांगितलं की आता हिंडणं बंद, नाहीतर छातीचं दुखणं अंगावर येईल. ते खाटेवर पडले तसा डोंगा उपसायचा राहिला. आत घोटाभर पाणी साचलं आणि वर मोहाची पानं पडून कुजू लागली.

त्यात टेकचंदकाका आला. काका मासे घेऊन बाजार फिरतो, जीभ त्याच्या मोटारसायकलपेक्षा जोरात पळते, पण माणूस वाईट नाही. सिहोऱ्याला धानाच्या गिरणीवर एक पोरगा आहे म्हणाला. पोती वाहतो, नाव सांगत नाही, बोलतच नाही. हनुवटीवर खूण आहे.

चंदनदादाच्या हनुवटीवर खूण होती. लहानपणी डोंग्याच्या काठावर आपटला होता.

माझे बाबा म्हणाले की सिहोऱ्याला ओळखीचे आहेत, उद्या फोन लावून विचारू. मोठीआई म्हणाली, फोनवर पोरगा ओळखू येते का? मोठेबाबा उठून बसले होते. कोणी सांगायच्या आत त्यांनी पिशवी मागितली आणि एका पायात चप्पल घातली. दुसरी खाटेखाली गेली होती, ती पायानं शोधत राहिले.

"गुंजन," मोठीआई म्हणाली, "काढ तो मोबाइल."

मी काढला. बाई तिथंच उभी होती, चाकाजवळ, हातावर हात चोळत. मी तिच्याशी बोलले. पोरगा सकाळपासून घरी नव्हता. ह्या वेळी तो उत्तरेकडच्या पडक्या किल्ल्यात होता आणि पहाऱ्याला लांडगे होते.

खरं सांगते, वाटेत माझ्या मनात आलं की हरावं. घोडा दरीत घालावा, लांडग्यांसमोर नुसतं उभं राहावं. कोणाला कळणार होतं? मोठेबाबांची घरघर माझ्या पाठीशी ऐकू येत होती. पण किल्ल्यात पोचले तर तो पोरगा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, डोक्यावर पिवळा बाण, आणि मोठीआई माझ्या खांद्याला इतकी टेकली होती की तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मला नाही जमलं. मी लांडगे मारले आणि त्याला घोड्यावर बसवून आणलं. तो चुलीपाशी जाऊन बसला. बाईनं त्याच्या हातात वाडगा दिला.

"सापडला," मोठीआई म्हणाली. "जा जी तुम्ही."

मोठेबाबा खांबाला धरून उभे राहिले. खांब हलला असं वाटलं, पण ते स्वतःच हलत होते.

मग माझ्या तोंडून निघालं. "मोठीआई, तो नेहमीच सापडते."

"म्हंजे?"

मी तिला सांगितलं. आमच्या मच्छीमार संस्थेत दरवर्षी पाण्याचे पट्टे कसे वाटतात, ते तिला माहीतच होतं: मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या, लहान पोरीला हात घालायला लावायचं, निघेल तो पट्टा आपला. गेमच्या आतही तशीच मडकी आहेत. एका मडक्यात ठिकाणं, एकात पहारा. आपण बाईशी बोललो की चिठ्ठी निघते. गुहा निघाली तर गुहा, किल्ला निघाला तर किल्ला. कोणी ठरवत नाही. पोरगा वाह्यात नाही आणि बाईही वेंधळी नाही. ते कितीही वेळा होऊ शकतं, त्याला शेवट नाही.

मोठीआई ऐकत होती. बाहेर टेकचंदकाका चहा थंड होईपर्यंत बशी धरून बसला होता.

"न सापडाची चिठ्ठी कोणती?" तिनं विचारलं.

"ती नाही टाकली त्यायनं."

"काहून?"

"मंग कोण खेळन?"

"अन् घरी राहाची चिठ्ठी?"

"तेही नाही."

गेल्या वर्षी पट्ट्याची चिठ्ठी भैय्याजींच्या नातीनं काढली होती. चार वर्षांची पोर, हातात पिपाणी. दादाला डोहाजवळचा पट्टा निघाला, तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती, कारण मरळ तिथंच मिळते. मोठीआईनं त्या पोरीला गूळ-खोबरं दिलं होतं. मला तेच आठवलं आणि तिलाही तेच आठवलं असावं, कारण तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

मग तिनं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला.

"आता काय करून राहिला तो?"

"जेवून राहिला."

"आपण त्या बाईले विचारलंच नाही, तं?"

"तं तो तिथंच बसून राहीन. बोलल्याशिवाय नवी चिठ्ठी निघत नाही."

"कितीकही दिवस?"

"हाव."

"मंग नको विचारू तिले," मोठीआई म्हणाली. "जेवू दे त्याले."

तिनं मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला, मोठेबाबांपाशी गेली, त्यांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं आणि खाली वाकून त्यांच्या पायातली चप्पल काढली. सुजलेल्या पायातून ती लवकर निघेना. तिनं दोन्ही हात लावले. मोठेबाबांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत असं करत नाहीत. टेकचंदकाकानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सिहोऱ्याला फोन लावला. गिरणीवरचा पोरगा बालाघाटकडचा निघाला, त्याची बायको येऊन त्याला ओळखून घेऊन गेली होती. मोठीआई भाजी निवडत होती. "चांगलं झालं," ती म्हणाली. "तिचा तं गेला घरी." आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या तोडत राहिली.

भैय्याजींना निरोप तिनंच पाठवला. पळसाची पानं बाबा आणि मोहल्ल्यातले लोक घेऊन आले. पुतळा इतका लहान झाला होता की मला राग आला. दादा दारातून वाकून यायचा. मी तसं बोलणार होते, पण मोठीआईनं त्या पानांवर दादाचा निळा शर्ट पांघरला, कॉलर सरळ केली, वरचं बटण लावलं. मग तो लहान वाटला नाही.

घाटावर पुरुष गेले. त्याआधी डोंगा पालथा घालायचा होता. चौघांनी एका बाजूनं उचलला तसं साचलेलं पाणी अंगणभर पसरलं आणि त्यातून बेडकांची काळी पिल्लं निघाली, शेपट्या हलवत, चिखलात तडफडणारी. सगळे थांबले. मोठीआईनं लोटा आणला आणि खाली बसून ती एकेक उचलू लागली. मीही बसले. मोठीआई नाल्यापर्यंत जाऊन पिल्लं सोडून आली, आणि तोवर चार माणसं अर्धवट कलंडलेला डोंगा धरून उभी होती. ती परत आल्यावर म्हणाली, "घाला." त्यांनी पालथा घातला.

मोठेबाबांची छाती आता बरी आहे. पिशवी खुंटीलाच आहे, तिच्यात मोठीआई लसूण ठेवते. टेकचंदकाका मध्ये पुन्हा काही तरी सांगायला आला होता, भंडाऱ्याकडचं काही. मोठीआईनं त्याला चहा दिला आणि यंदा धानावर मावा किती पडला ते विचारलं. तो बिचारा माव्यावर बोलून निघून गेला.

मोबाइल माझ्याकडेच असतो. मी अजून खेळते, अंगठी शोधते, बैल आणून देते, पण पाणचक्कीच्या वाटेनं जात नाही. परवा घोडा चुकून तिकडे वळला. लांबूनच तिच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला. मी लगाम ओढला.

मोठीआई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप न थांबवता विचारलं, "जेवून राहिला का?"

"हाव," मी म्हटलं, आणि घोडा माघारी वळवला.