दगाबाज ठरलेलं पिस्तूल

मित्रांनो, मी एक पिस्तूल आहे. तळहाताहून थोडं मोठं, एके काळी काळंभोर, आता कडांना पांढरं पडलेलं. आमच्या अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत घराघरात एखादी तरी बंदूक असतेच, त्यामुळे माझ्यासारख्याचं कुणाला अप्रूप नाही. तरीही माझं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. रोवेना सायझमोरला ऐन वेळी दगा दिलेलं ते हेच, असं लोक म्हणतात. ही गोष्ट ज्यानं पहिल्यांदा पसरवली, त्याला खरं काय ते पुरतं ठाऊक होतं. म्हणून माझी बाजू मलाच सांगावी लागते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या कांबीतून माझी नळी घडवली, वरचं आवरण तासलं आणि त्याच्या पाठीवर एक सपाट खाच पाडून तीवर छोटीशी पट्टी स्क्रूनं आवळली. ती खाच म्हणजे माझा मान. पट्टी काढून त्या जागी नेम धरायची काच बसवता येते, आणि काचेत एक लाल ठिपका दिसतो. जुन्या पिस्तुलांना ही सोय नसे.

तिथून मी व्हेस्टर नॅपियरच्या दुकानात आलो. एका बाजूला गळ आणि दोऱ्या, दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीत आम्ही, आणि मधल्या शेगडीभोवती कॉफी पीत बसलेली म्हातारी मंडळी. रोवेना तिथे आली ती नवऱ्याला, डेल्मरला, सोबत घेऊन. ती परिचारिका होती. डोंगरखोऱ्यांतल्या एकट्यादुकट्या घरांत जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची, सुया टोचायची. वाटेत मोकाट कुत्री असत. आणि नर्सच्या पिशवीत नशेच्या गोळ्या असतात अशा समजुतीनं मागे लागणारी माणसं त्यांच्याहून वाईट.

डेल्मरनं पेटीतलं सगळ्यात चिमुकलं पिस्तूल दाखवलं. “हे घे, रो. लिपस्टिकच्या जागी मावेल.”

“मला ओठ रंगवायचे नाहीयेत, डेल.”

व्हेस्टर हसला. “जितकं लहान तितका झटका मोठा. दोन फैरी झाडल्यावर तू त्याला परत हात लावणार नाहीस.”

मग तिनं एक मोठं पिस्तूल कमरेला लावून वर कामाचा सैल अंगरखा ओढून पाहिला. डेल्मर म्हणाला, “आता इस्त्री चोरून निघाल्यासारखी दिसतेस.”

तिसरा मी. तिनं मूठ आवळली तेव्हा तिची करंगळीसुद्धा माझ्यावर नीट टेकली. अंगरख्याखाली मी दिसलोही नाही. पण दुकानामागच्या मैदानात नेम धरताना ती अडखळली. “जवळचं नीट दिसतं तर लांबचं पुसट, लांबचं नीट तर जवळचं. हे माझे पन्नाशीचे डोळे.”

“म्हणूनच याच्या पाठीवर जागा ठेवलीय,” व्हेस्टर म्हणाला. “आज नुसतं घेऊन जा. हाताला सवय होऊ दे. काच मग बसव. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि समोरच्या वस्तूकडे बघायचं. ठिपका शोधायचा नाही, तोच येतो.”

“बसवायला मी आहे की,” डेल्मर म्हणाला. तो खाणीतली यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस होता.

रोवेनानं व्हेस्टरला विचारलं, “तुमचा शब्द आहे ना?”

“शब्द आहे. हे तुला अडचणीत सोडणार नाही.”

तिच्या वाढदिवसाला डेल्मरनं ती काच आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतः बसवली. स्क्रू आवळताना तो श्वास रोखून होता. रोवेनानं मला खिडकीबाहेरच्या अक्रोडाच्या बुंध्याकडे धरलं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले. मग म्हणाली, “मला दिसतंय, डेल.”

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझी सुखाची होती. शनिवारी ती माझ्यासोबत सराव करी. रविवारी चर्चहून आल्यावर डेल्मर मला सुटं करून पुसे, तेलाचं बोट फिरवी, काचेवरची कपड्यांची लव फुंकरीनं उडवी. त्या हातांवर माझा इतका विश्वास होता की ते टेबलाजवळ आले की मला झोप यावी. एकदा ओढ्याकाठी कुत्र्यांच्या टोळीनं रोवेनाला घेरलं. तिनं मला बाहेर काढलं, लाल ठिपका पुढच्या कुत्र्यावर टेकला, आणि ती थांबली. कुत्रं गुरगुरलं, वळलं, बाकीची त्याच्यामागे गेली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा डेल्मरनं मला थोपटलं होतं. खरंच थोपटलं होतं, घोड्याला थोपटावं तसं.

मग त्यांची मुलगी केंड्रा गेली. पावसाळी सकाळी, घाटातल्या वळणावर, कोळशाच्या ट्रकखाली.

त्या हिवाळ्यात रोवेना कामावर जाई, पण शनिवारचा सराव सुटला. जेवण सुटलं. घरी परतल्यावर ती गाडीतून उतरत नसे. एका संध्याकाळी तिनं मला कमरेवरून काढलं आणि मांडीवर ठेवलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडत होतं. गॅरेजच्या दारात डेल्मर आला. त्यानं पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो आल्या पावली मागे फिरला.

पुढच्या रविवारी त्यानं मला नेहमीसारखं सुटं केलं. माझ्या पोटात एक बारीक खीळ आहे. चाप ओढला की ती काडतुसावर आपटते आणि गोळी सुटते. त्यानं ती खीळ चिमट्यात धरली, खणातून कानशी काढली आणि तिचं टोक घासायला लागला. मला वाटलं, काहीतरी बिघडलं असेल, हा दुरुस्त करतोय. मग त्यानं मला जोडलं, सगळी काडतुसं भरली, म्यानात घातलं. वजन तेच, चापाचा आवाज तोच. फक्त आखूड झालेली खीळ आता काडतुसापर्यंत पोचत नव्हती. माझा प्राण काढून घेतलेला होता, आणि ते त्याला आणि मलाच माहीत होतं.

सोमवारी सकाळी रोवेनानं मला कमरेला लावलं. तो दारात उभा राहून म्हणाला, “जपून जा.”

वसंतात ते घडलं. मॉड नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या पायाची पट्टी बदलून रोवेना ओसरीवर आली. शेडमागून एक हडकुळा माणूस लोखंडी सळई घेऊन पुढे झाला.

“पिशवी दे, ताई.”

“यात कापूस आणि मलम आहे. दुसरं काही नाही.”

“मी बघतो ना काय आहे ते.”

ती मागे सरकली. पाठीला भिंत लागली. तिनं मला बाहेर काढलं आणि दोनदा बजावलं, थांब. तो थांबला नाही. सळई वर गेली तेव्हा ठिपका त्याच्या छातीवर होता, आणि तिनं चाप ओढला.

टिक.

एवढंच. त्या माणसालाही ते ऐकू आलं. “खेळण्यातलं आणलंस होय,” असं म्हणून त्यानं तिच्या मनगटावर सळई हाणली. हाड मोडल्याचं मला कळलं, कारण मी त्याच हातात होतो. ती पायऱ्यांवरून खाली कोसळली. पिशवी घेऊन तो तिच्याकडे वळत होता, तेवढ्यात मॉडबाई दार लोटून कुबडी टेकत बाहेर आल्या. “अरे मेल्या, सोड माझ्या पोरीला,” असं ओरडत त्यांनी आपला शिकारी कुत्रा सोडला. कुत्र्याला बघून तो झाडीत पळाला. त्या कुत्र्यानं केलं ते माझं काम होतं.

इस्पितळात डेल्मर धावत आला. पोलिसानं विचारलं, पिस्तुलाला काय झालं? डेल्मरनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, “माल खोटा निघाला.” तेच तो चर्चमध्ये म्हणाला. तेच गुरांच्या चाऱ्याच्या दुकानात. व्हेस्टरच्या शेगडीभोवतीची मंडळी हळूहळू दुसरीकडे कॉफी प्यायला लागली.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून रोवेना एकटीच व्हेस्टरकडे गेली. मला काउंटरवर ठेवून म्हणाली, “तुमच्या शब्दावर घेतलं होतं मी.”

व्हेस्टरनं वाद घातला नाही. मला उघडलं, खीळ काढली, दिव्याखाली धरली. मग भिंग आणलं. मग खुर्ची ओढून तिला बसवलं.

“रोवेना, हे झिजलेलं नाही. कानशीनं घासलंय. हे ओरखडे बघ.” तो थोडं थांबला. “याला आणखी कुणाचा हात लागतो?”

तिनं खीळ उचलून मुठीत घेतली. दर रविवारी मला पुसणारे हात एकाच माणसाचे होते.

घरी डेल्मरनं घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव केला होता. तिचा हात मोडल्यापासून तोच रांधत होता. तिनं मला त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि खीळ माझ्यावर.

“जेवण थंड होतंय,” तो म्हणाला.

“होऊ दे.”

त्यानं खीळ बोटानं बाजूला सारली. “मी तुला गाडीत पाहिलं होतं. हे मांडीवर घेऊन बसलेली. मुलगी गेली होती, रो. तू पण गेली असतीस तर मी काय केलं असतं?”

“मग तू गाडीचं दार का उघडलं नाहीस?”

“काय बोलू ते सुचलं नाही.”

“‘रो’ म्हणायचं. तेवढं पुरलं असतं.” तिचा आवाज चढला नाही. “तुझी भीती खोटी नव्हती. माझ्या मनात आलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, आणि हे पिस्तूल स्वतःच्या हातानं तुझ्याकडे दिलं असतं. पण तू मला रोज सकाळी मेलेलं लोखंड बांधून त्या खोऱ्यांत पाठवलंस, आणि वर म्हणालास, जपून जा.”

“मी तुला वाचवत होतो.”

“आणि लोकांना काय सांगितलंस? व्हेस्टरनं फसवलं म्हणून. तेही मला वाचवायलाच का?”

त्यानं चेहरा हातांत घेतला. ती उठून त्याच्याजवळ गेली नाही. आमटीवर पापुद्रा धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन गोष्टी केल्या. मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि डेल्मरला सांगितलं, व्हेस्टरच्या दुकानात जाऊन सगळ्यांसमोर खरं बोल. डॉक्टरांकडे ती अजून जाते. डेल्मर मात्र दुकानापर्यंत गेला, गाडीत बसून राहिला आणि परत आला. एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी रोवेनाच गेली आणि उरलेल्या चार म्हाताऱ्यांसमोर बोलली. त्यांनी ऐकलं. पण गावात धावलेली गोष्ट अशी परत बोलावता येत नाही, आणि पुढच्या शरदात व्हेस्टरनं दुकानाला कुलूप लावलं.

मला नवी खीळ कुणी बसवली नाही. तो रिकामेपणा घेऊन मी पोलादी पेटीत पडून आहे. रोवेना आता दुसऱ्या नर्सबरोबर जोडीनं फिरते. ती आणि डेल्मर एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. मीठ मागतात, हवापाण्याचं बोलतात. माझ्या काचेतला ठिपका कधीच विझला.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी वस्तू आहे, माझं काय. पण तुमच्या घरात कुणी गप्प गप्प बसू लागलं आणि त्याच्यासाठी तुमचा जीव घाबरला, तर पाठीमागून त्याचा हात रिकामा करू नका. दार उघडा, शेजारी बसा, आणि विचारा. काही काढून घ्यावं लागलंच, तर त्याच्या डोळ्यांदेखत, त्याला सांगून घ्या. तो चिडेल, रडेल, कदाचित तुमच्याशी काही दिवस बोलणार नाही. पण तो तुमच्यापाशी असेल.