सगळं हिरवं दिसतंय

“पण त्यांनी बटण नीट दाबलं होतं का?”

धाकट्या भावाचा पहिला प्रश्न हा. बाप जमिनीवर पडलाय, पायजमा ओला झालाय, गार फरशीने दात वाजताहेत, मी दुकानातून येऊन त्यांच्या पाठीखाली उशी सरकवतेय, आणि हा दूरच्या शहरात बसून फोनवर विचारतोय, बटण नीट दाबलं का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तूच विचार त्यांना,” म्हणत मी फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णांनी मान फिरवली. गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं ते बटण त्यांच्या उजव्या मुठीत होतं. मूठ सोडवताना मला एकेक बोट उचलावं लागलं. अंगठ्यावर बटणाचा गोल वळ उठला होता.

शेजारच्या काकूंना हाक मारली. दोघींनी मिळून अण्णांना पलंगावर घेतलं. नशीब, हाड मोडलं नव्हतं. काकूंना मात्र रडू आवरेना. “अगं, मी भिंतीपलीकडेच होते. फोन मांडीवर घेऊन बसले होते. एकदा वाजला असता तर धावत आले असते गं.”

त्यांचा काय दोष? अण्णांनी बटण दाबलं की काकूंच्या, माझ्या आणि धाकट्याच्या फोनवर घंटी वाजायची, अशी व्यवस्था होती. व्यवस्था धाकट्याची.

अर्धांगवायू झाल्यापासून अण्णांकडे दुपारी एक बाई यायची. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, दिवसभर घरी थांबणं मला जमत नाही. मागच्या सुट्टीत धाकटा आला, कपाटावर एक काळी पेटी ठेवली, दिवे, पंखे, पडदे, पंप सगळं तिला जोडलं आणि म्हणाला, “ताई, आता बाईची गरज नाही. घरच लक्ष ठेवेल.” मी म्हटलं, घराला हात आहेत का उचलायला? तर हसला.

त्या पेटीत म्हणे कंटेनर असतात. एकेका कामाला एकेक डबा. दिव्यांचा वेगळा, पडद्यांचा वेगळा, अण्णांच्या बटणाचा वेगळा. एक बिघडला तरी दुसऱ्याला धक्का नाही. डबा जुना झाला की फेकायचा, नवा आणायचा. म्हणून मोलाचं काही डब्यात ठेवायचं नाही, बाहेर ठेवायचं. हे सगळं त्याने मला पुन्हा पुन्हा समजावलं, जणू पेटी मीच सांभाळणार होते. बाईला मात्र एका वाक्यात निरोप दिला.

“ताई, इथं सगळं हिरवं दिसतंय,” फोनमधून धाकटा म्हणाला. “सगळे कंटेनर चालू आहेत.”

“चुलीत घाल तुझं हिरवं! मी इथं बापाला कोरडं करतेय.”

“थांब, बघतो.” त्याच्याकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली. मी अण्णांचे कपडे बदलले. मुलीने कपडे बदलावेत हे त्यांना अजून सोसत नाही. ते छताकडे बघत राहिले आणि मधेच, जीभ जड असतानाही, सावकाश बोलले.

“आधी दाबलं होतं. कुणी आलं नाही. म्हणून उठलो.”

“हो अण्णा. तुमचं काही चुकलं नाही.”

“पडलो तेव्हा दिवा होता. नंतर गेला.”

खोलीत हालचाल नसेल तर दिवा घालवायचा, हेही धाकट्यानेच ठरवलेलं. पडदे तर दुपारच्या झोपेची वेळ झाली म्हणून आधीच ओढले गेले होते. माझा बाप अंधारात जमिनीवर पडून बटण दाबतोय आणि त्या पेटीच्या मते खोलीत कुणीच नाही! दिव्याच्या डब्याने आपलं काम चोख केलं, पडद्याच्या डब्यानेही केलं. असलं शहाणं घर काय जाळायचंय?

टकटक थांबली. “ताई,” धाकट्याचा आवाज उतरला होता. “सकाळी मी एक अपडेट केलं. बटणाचा जुना कंटेनर काढून नवा लावला. जोडणीची माहिती जुन्याच्या आतच राहिली होती. ती बाहेर ठेवायची विसरलो होतो.”

“मला कळेल असं सांग.”

“नवा डबा चालू होता, पण अण्णांचं बटण त्याच्या ओळखीचंच नव्हतं.”

“आणि लावल्यावर एकदा फोन करून अण्णांना दाबून बघायला सांगितलंस?”

“मीटिंग होती गं. सगळं हिरवं दिसलं, म्हणून वाटलं...”

मग माझा तोल सुटला. काकू ऐकत होत्या, ऐकू देत. “त्या बाईला तुझं ते कंटेनर-बिंटेनर कळत नव्हतं, पण ‘अण्णा, पाणी हवंय का’ म्हणून विचारायची! तिला काढलंस आणि हे डबे माझ्या उरावर आणून ठेवलेस. तुला इथं यायचं नव्हतं, म्हणून घर हुशार केलंस!”

“असं काय बोलतेस, ताई? मी रोज बघतो ना इथून सगळं.”

“काय बघतोस? हिरवं?”

परत टकटक सुरू झाली. थोड्या वेळाने म्हणाला, “बटण जरा दाबून धर, परत जोडून घेतो.” मी दातओठ खात धरलं. उद्या दुकानात जायचं होतं आणि नवी बाई मिळेपर्यंत दुसरा इलाज नव्हता. जोडून झाल्यावर त्याने फोन अण्णांसमोर धरायला सांगितला.

“अण्णा, आता एकदा तुम्ही दाबा बरं.”

अण्णांनी बटणाकडे बराच वेळ पाहिलं, मग अंगठा टेकवला. काकूंचा फोन वाजला. माझ्या हातातला वाजला. आणि त्यातूनच, लांबून, धाकट्याच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजलेला ऐकू आला.

“वाजली! अण्णा, इथं वाजली!” त्याला केवढा आनंद झाला.

“वाजली ना?” अण्णा म्हणाले. “मग ये.”

मग धाकटा चाचरत म्हणाला, “अण्णा, ही... ही टेस्ट होती.”

अण्णांनी चालत्या हाताने पांघरूण अंगाखालून ओढून घेतलं, कसेबसे भिंतीकडे सरकले, आणि पलंगाच्या कडेला एक माणूस बसेल एवढी जागा केली.