मामांचं रक्त

"लघवी कशी होतेय, मामा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मामांना उत्तर द्यायला वेळ लागला. हल्ली त्यांचा शब्द चिखलातून पाय उपसावा तसा ओढत ओढत बाहेर यायचा. "काळी," ते म्हणाले. "कोऱ्या चहासारखी. आणि मांड्या अशा दुखतात, की जिन्यातच बसून घ्यावं लागतं."

शेजारी बसलेल्या मामी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "चोरून चालूच असणार, बाई. मी तरी किती पहारा देऊ?"

भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर घालून, सुजलेल्या पापण्या खाली घालून मामा नुसते बसून राहिले.

शाळेची बस चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मामा हे नाव मुलांनीच ठेवलेलं. ती मुलं मोठी झाली, आपली पोरं त्याच बसमध्ये चढवू लागली, तरी मामा मामाच राहिले. कोणाला खिडकी दिली नाही तर मळमळतं आणि कोणाचं रडणं आई दिसेनाशी होईपर्यंतच टिकतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

तीन महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा दाखवायला आले होते. थकवा फार, चालताना झोक जातो, जीभ जड झालीय, अशा तक्रारी. डॉक्टरबाईंचा त्या भागात दबदबा होता तो रिपोर्ट वाचण्याबद्दल. कागद हातात घेतला की दुसऱ्या पानावर जायच्या आत त्यांचं निदान तयार असे, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. मामांच्या रिपोर्टात यकृताचे आकडे वाढलेले होते, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. समोरचा माणूस अडखळत बोलत होता. त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"मामा, रोज किती घेता?"

"काय घेतो?"

"आता लपवून काय उपयोग? रक्त खोटं बोलत नाही."

"मी पीत नाही, बाई."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्या हसल्या होत्या आणि मामींकडे वळून म्हणाल्या होत्या, "तुम्हीच लक्ष ठेवा आता यांच्यावर." कोलेस्टेरॉलही बरंच वाढलेलं होतं, म्हणून त्याची एक गोळी त्यांनी लिहून दिली. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर बसमधल्या एका मुलीची आई बसली होती. आठवडा उलटायच्या आत शाळेने मामांकडून बसची किल्ली काढून घेतली.

हे सगळं डॉक्टरबाईंच्या कानावर आलं होतं. मुलांच्या जिवाशी खेळ नको, बरंच झालं, असं तेव्हा त्यांना मनापासून वाटलं होतं.

आज मात्र काळी लघवी ऐकून त्या थबकल्या. लगेच नवी तपासणी करायला लावली, आणि दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायला बसल्या.

नव्या रिपोर्टात लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त भरपूर दाखवलं होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी पेशी एकही नव्हती. म्हणजे ते रक्त नव्हतंच. स्नायू मोडायला लागले की त्यांच्यातला लाल पदार्थ लघवीत उतरतो, तो हा. मोडलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्याची पातळी हजारांच्या घरात गेली होती. त्यांनी जुना कागद ओढला. तिथेही तेच होतं: पट्टीवर किंचित रक्त, पेशी नाहीत. यकृताचे म्हणून जे आकडे त्यांनी मामांच्या तोंडावर फेकले होते, ते मोडक्या स्नायूंमुळेही वाढतात. आणि पिणाऱ्याच्या रक्तात जो आकडा सहसा वाढलेला सापडतो, तो मामांचा अगदी जागेवर होता. तो दुसऱ्या पानावर होता.

मग स्वेटर आठवला. पापण्यांवरची सूज, घोगरा झालेला आवाज. थायरॉइड. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही सुचलं असतं. थायरॉइड मंदावला की तांबड्या पेशी मोठ्या होतात, कोलेस्टेरॉल आपोआप चढतं, आणि अशा माणसाच्या स्नायूंना त्यांनी दिलेली ती गोळी सोसत नाही. आजार त्यांनी ओळखला नव्हताच, वर त्यात स्वतःच्या हाताने भर घातली होती.

त्यांनी ती गोळी त्याच क्षणी बंद करवली, मामांना सलाईनसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि थायरॉइडची तपासणी सांगितली. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली. फोनवर मामींनी विचारलं, "काय झालं होतं, बाई?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषध थोडं बदलावं लागेल." फोन ठेवल्यावर आपल्याच आवाजाची त्यांना किळस आली.

थायरॉइडचा रिपोर्ट आला तोवर मामा रुग्णालयातून घरी आले होते. त्या दिवशी संध्याकाळचा दवाखाना डॉक्टरबाईंनी बंद ठेवला आणि पत्ता शोधत मामांच्या घरी गेल्या. एवढ्या वर्षांत त्या कुणा पेशंटकडे न बोलावता गेल्या नव्हत्या.

मामी एकट्याच होत्या. मामा कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला गेले होते. डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला, मग तो मामींना वाचता येण्यासारखा नाही हे लक्षात येऊन मागे घेतला.

"मामा पीत नव्हते," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. गळ्यातली एक ग्रंथी काम करेनाशी झालीय. मी चुकले."

"वास कधीच आला नाही," मामी हळूच म्हणाल्या. "एकदाही नाही. पण मी म्हटलं, डॉक्टर खोटं कशाला सांगेल? माझंच नाक गेलं असेल."

तेवढ्यात मामा आले. दाराआडच्या खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरबाई त्यांना दिसल्या नाहीत. उंबऱ्यात चपला काढून ते मामींसमोर उभे राहिले, किंचित वाकले, आणि लहान मुलाने घसा दाखवावा तसं त्यांनी तोंड उघडलं. मग सवयीने श्वास सोडला.

"आता नको," मामी म्हणाल्या. "अहो, नको. मिटा ते."

मामांनी तोंड मिटलं. मग त्यांना डॉक्टरबाई दिसल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. जे मामींना सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि माफी मागितली. मामा ऐकत होते की शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता, कळेना.

"मलाच वाटायला लागलं होतं," शेवटी ते म्हणाले, "झोपेत उठून पितो की काय."

"रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची. चार-सहा महिन्यांत आवाज, चाल, सगळं जागेवर येईल."

"आणि बस?"

"उद्या मी तुमच्याबरोबर शाळेत येते. मुख्याध्यापिकांना मी सांगणार. बस देतील की नाही, ते नाही सांगता येत."

मामांनी मान हलवली. मग मामींना म्हणाले, "शाळेत जायचं तर शर्ट तोच लागेल."

मामींनी कपाटातून युनिफॉर्मचा शर्ट काढला. अंगावरच्या सुजेमुळे तो पोटावर बसेना. त्यांनी तो परत उतरवून घेतला, सुईदोरा घेतला आणि खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात बसून बटणं सरकवायला लागल्या. मामा बनियनवर शेजारी बसून होते. दोघांनीही डॉक्टरबाईंना बसा म्हटलं नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग दार आपणच ओढून घेऊन निघाल्या.