आत्याच्या तारखेवरची फुली

आमच्या फ्रिशियन लोकांकडे वाढदिवस एकाचा असतो आणि अभिनंदन सगळ्यांचं. आलेला पाहुणा गोल मांडलेल्या खुर्च्यांपुढून फिरतो आणि एकेकाशी हात मिळवत जातो. योरिटच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवशी, एप्रिलातल्या त्या रविवारी, अकरा जणांनी माझ्याशी हात मिळवला आणि अकराही जण म्हणाले, "अभिनंदन विट्स्के, तुझ्या नवऱ्याबद्दल!" मी हसून "धन्यवाद" म्हणत होते. मनात म्हणत होते, थांबा जरा, तो आठवडाभर तरी माझा नवरा राहतोय का ते बघू.

कारण मी ठरवलं होतं. पाहुणे गेले की योरिटला समोर बसवायचं आणि विचारायचं, ती कोण आहे? ल्यूवार्डन शहरातल्या माझ्या बहिणीला फोन करून तिची माडीवरची खोलीही मी विचारून ठेवली होती. ती म्हणाली, "खोली रिकामीच आहे, पण आधी विचार तरी त्याला." तिचं लग्न चांगलं चाललंय, तिला सल्ले द्यायला काय जातंय.

नाताळापासून योरिटने मला हात लावला नव्हता. म्हणजे भांडण नाही, अबोला नाही. चहा आणून द्यायचा, माझ्या सायकलच्या चाकात हवा भरायचा, आणि अंथरुणात शिरला की भिंतीकडे तोंड. पहिला महिना मी म्हटलं, दमला असेल. तलावावर दिवसभर पोरांना पोहायला शिकवायचं म्हणजे घसा आणि पाय दोन्ही जातात. दुसऱ्या महिन्यात मी नवा गाऊन आणला. तो म्हणाला, "छान आहे, उबदार वाटतोय." उबदार! तिसऱ्या महिन्यात मी आरशात बघणंच सोडून दिलं.

आणि मग मार्चच्या शेवटी मला त्या फुल्या सापडल्या.

आमचं वाढदिवसांचं कॅलेंडर, सगळ्यांचं असतं तसं, संडासात टांगलेलं आहे. भाचीला बाळ झालं म्हणून त्याचं नाव लिहायला मी पेन्सिल घेऊन बसले आणि पानं उलटता उलटता दिसलं, तारखांच्या कडेला बारीक फुल्या. जानेवारीत दोन, फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये सात. अक्षर बाईचं असो की बाप्याचं, फुलीला अक्षर नसतं. पण घरात आम्ही दोघंच. मी मारल्या नव्हत्या. वाढतच चालल्या होत्या मेल्या. एक तर चौदा मार्चला होती, माझ्या वाढदिवशी! त्या दिवशी तो तलावावरून तासभर उशिरा आला होता. आता पुरावा आणखी कशाला हवा? मी तिथेच बसून रडले. बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "बरं वाटत नाही का? आल्याचा चहा करू?"

तर तो रविवार. कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला, दुसरी कॉफी झाली, आणि योरिटची शाउक्ये आत्या संडासात गेली. आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे, काठी न घेता चालते आणि तोंडाला कुलूप कधी लावत नाही. कुणाच्याही घरी गेली की कॅलेंडर उलटून आपलं नाव आहे की नाही बघते.

ती परत आली ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"योरिट, मी मेलेय का रे?"

योरिटच्या हातातली चीजची ताटली तशीच राहिली.

"काय झालं आत्या?"

"नऊ मार्च. माझं नाव, आणि शेजारी फुली! तुझ्या काकाच्या नावापुढे फुली आहे, ती मीच मारलीय, तो गेला तेव्हा. माझ्यापुढे कुणी मारली? एवढी घाई झालीय का तुम्हाला? माझ्याकडे मिळण्यासारखं काही नाही, आधीच सांगते. बोट कधीच विकली."

खोलीभर हशा झाला. मी मात्र त्याच्याकडे बघत होते. तो मानेपासून कपाळापर्यंत लाल झाला.

"आत्या, ती तुझ्यासाठी नव्हती. ती... औषधाची आहे."

"कसलं औषध? हृदयाचं?"

"नाही ग."

"मग? लपवण्यासारखं आहे का? मला मूळव्याध होती तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं."

"खरंच सांगितलं होतं," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"केसांचं," योरिट म्हणाला. "केस गळायचे थांबावेत म्हणून गोळी घेतो. झालं समाधान?"

मग काय विचारता! एकाने उठून त्याचं डोकं मागून तपासलं, दुसऱ्याने गोळीचं नाव विचारून घेतलं. आत्या म्हणाली, "तुझ्या आजोबांचं डोकं अंड्यासारखं होतं, पण नऊ मुलं झाली त्यांना." त्यावर आणखी हशा. योरिट हसला नाही.

माझा जीव अर्धा भांड्यात पडला, अर्धा बाहेरच. केसांच्या गोळीला महिन्यातून सातच फुल्या कशा? आणि माझ्या वाढदिवशी एक?

पाच वाजता सगळे आपापले कोट घालून गेले. आत्याने जाताना फुलीवर खोडरबर फिरवून घेतलं, मगच दाराबाहेर पडली. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलायला घेतले आणि त्याला म्हटलं, "बस. आता खरं सांग. सगळं."

त्याने सांगितलं. सप्टेंबरात तलावावर एका चिमुरडीने पाण्यातून वर बघत विचारलं होतं, सर, तुमच्या डोक्याला भोक पडलंय का? ओले केस चिकटले की मधला गोल दिसायचा. त्याने गोळी सुरू केली, रोज एक. नोव्हेंबरात केस गळायचे थांबले, आणि नाताळापर्यंत दुसरंही काहीतरी थांबलं.

"इच्छाच होईना विट्स्के. तू शेजारी असायचीस आणि मी आत चाचपून बघायचो, काही आहे का. काही नाही. मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हा त्रास थोड्या लोकांना होतो, तुम्ही त्यातले असाल. बंद करा, नाहीतर कमी करून बघा. पण अर्ध्या गोळीला त्रास अर्धाच होईल असं काही नाही, हेही सांगितलं त्यांनी. आणि भीतीनेही माणूस गार पडतो, तेव्हा नक्की कशाने होतंय ते कळायला लिहून ठेवा. म्हणून जानेवारीत अर्धी केली. फेब्रुवारीत पाव. मार्चमध्ये पाव, तीही एक दिवसाआड."

"आणि फुल्या?"

तो बटाट्याच्या सालींकडे बघत बसला.

"बोल ना रे!"

"ज्या दिवशी तू हवीशी वाटलीस, त्या दिवशी फुली."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"नऊ मार्चला," तो म्हणाला, "आत्याकडून सायकलने येताना वारा समोरून होता. तू पूर्ण वाट वाऱ्याला शिव्या घालत होतीस. आपल्या फ्रिशियन भाषेत. तेव्हा."

"आणि माझ्या वाढदिवशी?"

"तेव्हा तर सकाळपासून. म्हणून तर उशीर केला. तलावाला चार फेऱ्या मारत बसलो. धीर होईना."

"अरे मग आला का नाहीस? तेरा दिवस! तेरा दिवस तुला मी हवी होते आणि तेराही दिवस तू भिंतीकडे तोंड करून झोपलास?"

"मध्येच जमलं नसतं तर? तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे."

"मला तसंही तेच वाटत होतं, गाढवा!"

मी ओरडलेच. आणि मग रडायला लागले, आणि रडता रडता इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचाच राग आला. तीन महिने मी माझ्या पोटाला, माझ्या वयाला, त्या गरीब उबदार गाऊनला दोष दिला होता. पलीकडे हा तीन महिने गोळीचे तुकडे करत एकटाच घाबरत होता. मधे हातभर अंतर, आणि दोघंही भिंतीशी बोलतोय.

"मला वाटलं तुझं बाहेर कुणीतरी आहे," मी म्हटलं. "मी खोली बघून ठेवली होती."

त्याचा चेहरा एवढा पडला की मला त्याची दया आली. "कुठे?"

"बहिणीकडे."

"त्या मांजरांच्या वासात?"

मला हसू आलं. मग त्यालाही. नाताळानंतर तो असा हसलेला मी पाहिलाच नव्हता.

"फोनमध्ये का नाही लिहून ठेवलंस?" मी विचारलं.

"फोन तू बघतेस."

"आणि संडासात मी जात नाही का?"

त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाला, "पाव गोळीवर केस टिकलेत. पण अजून पूर्ण पहिल्यासारखं नाही. कधी वाटतं, गोळीमुळे नसेलच, माझंच काहीतरी बिघडलं असेल. बंद केल्याशिवाय कळणार नाही. आणि बंद केली की केस जाणार."

"मला तुझे केस आवडतात," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? लग्नात निम्मं मी त्यांच्याकडे बघून हो म्हटलं होतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते घेऊन ये परत. टक्कल पडलं की बघू आवडतंय का. नाही आवडलं तर तोंडावर सांगेन."

"तू सांगशीलच."

तो उठला, खणातली गोळ्यांची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. मग दारामागची पेन्सिल घेतली आणि संडासाकडे निघाला. मी विचारलं, "आता कुठे?"

"आजची तारीख," तो म्हणाला, आणि पुन्हा मानेपर्यंत लाल झाला.

मी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. "लिहायचं नाही," मी म्हटलं. "सांगायचं."

त्याने सांगितलं. आमच्या रस्त्यावर घरोघरी सहाच्या ठोक्याला जेवण होतं, आणि अठरा वर्षांत आमच्याही घरी ते कधी चुकलेलं नाही. त्या रविवारी बटाटे निम्मे सोललेले तसेच पाण्यात पडून राहिले.