खाली ठेवलेला गोटा

मी एक जुना गोटा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू? मला झोप फार प्रिय आहे. डोळे मिटले की अजून कयाधू नदीचं पाणी अंगावरून वाहतं. तिनंच मला घासून घासून गोल केलं. मग बैलगाडीत घालून मला आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावर आणलं आणि लिंबाखाली ठेवलं.

इथली रीत अशी, की धुळवडीला तरण्या गड्यानं मला खांद्यावर घ्यायचं. जो अर्ध्यातून ठेवील, त्याच्यापुढं बांगड्या वाजवायच्या. काय तो डफ, काय त्या शिट्ट्या! मीही फुलून जायचो. तांड्यावरचा देविदास तर तरणा असताना मला कापसाच्या गाठोड्यासारखा उचलायचा. त्याचं कण्हणं तेवढं मला एकट्यालाच ऐकू यायचं. त्याची बायको जमनाबाई डोक्यावर एक नि कमरेवर एक घागर घेऊन त्याच गर्दीतून जायची. तिच्यासाठी कुणी शिट्टी मारली नाही.

यंदा पाळी त्यांच्या पोराची, विकासची होती. आदल्या सांजेला माझ्यावर बसून तो आईला म्हणाला, "वसमतचा डॉक्टर हर्निया हाय म्हणतो. वजन उचललं तर आतडं अडकंल. पण बाला कसं सांगू? नाक कापल्यावानी व्हईल त्याचं."

त्या रात्री मला झोप लागेना, नदीसुद्धा आठवेना.

धुळवडीला त्यानं मला मिठी घातली. गुडघ्यापर्यंत आलो, तोच तो कळवळला. चहूकडून मोबाईल रोखलेले. "उचल की, मर्द हायेस न्हवं!" कुणीतरी ओरडलं. विकासनं मला अलगद खाली ठेवलं आणि म्हणाला, "दुखून राहिलंय."

लगेच एका गड्यानं बांगड्या खणखणवल्या. देविदास पुढं आला. आता पोराला थप्पड बसते, असं मला वाटलं. तर तो मटकन माझ्यावर बसला आणि त्याला रडू फुटलं. "मला बी दुखायचं रे लेकरा. कंबर गेली माझी ह्यातच. लोक हसतील म्हणून बोललो न्हाई."

जमनाबाईनं त्या गड्याच्या हातून बांगड्या काढून घेतल्या. "ह्याच हातात घालून मी जलमभर पानी वाह्यलं. लाजवायला काहून आणता ह्या?"

डफ थांबला.

विकासचं ऑपरेशन झालं. आता बापलेक संध्याकाळी माझ्यावर टेकतात, लिंबाचा मोहोर गळतो आणि मी डोळे मिटून पुन्हा नदीत उतरतो. मित्रांनो, जोर जरूर काढा, मलाही हौसेनं उचला. पण दुखलं तर तसं सांगा आणि ठेवून द्या. खाली ठेवलं म्हणून मी कधी फुटलो नाही.