सात झाकणांची लाज

ऐका ना मित्रांनो, जरा जवळ सरका, मी मोठ्याने सांगणार नाहीये. मी एक गोळ्यांची डबी आहे. निळ्या प्लॅस्टिकची, सात घरांची, प्रत्येक घराला एक झाकण आणि झाकणावर वाराचं नाव. ‘बुध’मधला ‘ध’ पुसलाय आणि ‘शनि’ला चरा पडलाय, म्हणून सगळे मला जुनी म्हणतात. पण खरं सांगते, माझं काही वयबिय झालेलं नाही. लाजेनेच मी अशी दिसते!

माझा जन्म कारखान्यातला. गरम पातळ प्लॅस्टिक साच्यात ओतलं, गार केलं, की बाहेर पडलो आम्ही बहिणी-बहिणी, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येकीचं झाकण उघडायच्या, मिटायच्या, कान देऊन ऐकायच्या. माझी सातही झाकणं अशी वाजली, टक्, टक्, टक्, की त्या शेजारणीला म्हणाल्या, “हिचा आवाज बघ कसा ठणठणीत आहे.” केवढी फुगले मी! आवाजाचं कौतुक झालेली डबी तुम्ही कधी पाहिलीये का? तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की याच आवाजामुळे माझ्यावर तोंड लपवायची पाळी येणार आहे. तोंड नसलं तरी.

मला विकत घेतलं ताईने. ताई नोकरीला दुसऱ्या गावी असते, आणि तिच्या आईबाबांना मी काका-काकू म्हणते. काकांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक जाड पडदा. त्यामुळे दुकानातलं घरात ऐकू येतं आणि घरातला वास दुकानात जातो. आणि काय वास असायचा! काकूंच्या हाताला चवच तशी. गिऱ्हाईक डोळे तपासायला खुर्चीत बसायचं आणि भिंतीवरची अक्षरं वाचायचं सोडून पडद्याकडे बघत म्हणायचं, “आज काय बेत आहे आत?” काका म्हणायचे, “आधी खालची ओळ वाचा, मग सांगतो.”

तर झालं काय, त्या आधीच्या वर्षी काकांचे मोठे भाऊ हार्ट अटॅकने गेले. बसल्या बसल्या. ताई इतकी घाबरली की तिने बाबांना हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं, ब्लडप्रेशरही थोडं वर. बीपीची गोळी काका आधीपासून घ्यायचे, आता तिच्या जोडीला कोलेस्टेरॉलची पांढरी छोटी गोळी आली. ताईने मला टेबलावर ठेवलं आणि दम दिला, “बाबा, तू विसरतोस. आता ही डबी सांगेल तू घेतलीस की नाही ते. झाकणाखाली गोळी दिसली तर मी तिथून ओरडेन.”

बघा ना, केवढी जबाबदारी! ही डबी सांगेल, म्हणे. मी!

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. दर आठवड्याला काकू मला भरायच्या, आणि रोज चहा झाला की काका झाकण उघडायचे, टक्, गोळ्या तोंडात, वर पाणी. काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या असायच्या, पण तो टक् ऐकला की त्यांचे खांदे जरा खाली यायचे. मला ते दिसायचं आणि मला वाटायचं, माझ्यासारखं नशीब कुणाचं नाही.

मग काकांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. दुकानात दिवसभर उभं राहायचं, त्यात हे. त्यांना वाटलं, हे त्या नव्या गोळीमुळेच. कुणीतरी त्यांना एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस टेबलावर हात आपटून सांगत होता की कोलेस्टेरॉल आणि हृदयरोगाचा काही संबंधच नाही, हा सगळा गोळ्या विकायचा धंदा आहे. काकांनी तो पाहिला, मग दुसरा पाहिला, मग तिसरा. आणि ते काही बावळट नाहीत हं मित्रांनो, मला त्यांच्याबद्दल तसं मुळीच म्हणायचं नाहीये. त्यांच्या मनात खराखुरा प्रश्न होता.

“अगं,” ते एकदा काकूंना म्हणाले, “दादाचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं. रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय. तरी गेलाच ना? आणि तुझ्या त्या मावशी, त्यांचं कायम वाढलेलं, त्या अजून जिने चढतायत. मग या आकड्याला अर्थ काय?”

“ते मला काय विचारता? मला काय त्यातलं कळतं? डॉक्टरबाईंना विचारा.”

“त्यांना काय विचारू? हसतील. म्हणतील, हे आले व्हिडिओ बघून शिकवायला.”

“हसल्या तर हसल्या! दात दिसतील त्यांचे, तुमचं काय जातंय?”

पण काकांना लाज वाटली. एवढीशी लाज, आणि बघा ती कुठवर गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं, टक्. बीपीची गोळी तोंडात टाकली. आणि पांढरी छोटी गोळी शर्टाच्या खिशात. काकूंचे खांदे नेहमीसारखे खाली आले.

मी हबकले! मला वाटलं, नजरचुकीने झालं असेल. पण पुढच्या दिवशीही तेच. आणि काका झाकण आता जरा जास्तच जोरात वाजवायचे, म्हणजे पाठमोऱ्या बाईला नीट ऐकू जावं. माझा तो ठणठणीत आवाज! ज्याच्यावर मी एवढी फुगले होते! काकू फोनवर ताईला सांगायच्या, “एकही चुकत नाही गं, डबी कशी लख्ख रिकामी असते. सोन्यासारखी डबी आणलीस बाई.” आणि मी तिथेच टेबलावर. सांगा, कुठे जायचं मी? डबीला जमिनीत शिरता येत नाही. टेबल मध्ये येतं.

आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? एकदा असाच टक् वाजवून काका दुकानात गेले, आणि मला पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला. खुर्चीत एक आजोबा होते. काही काही लोक ना, नंबर वाढला हे कळू नये म्हणून आधीच भिंतीवरची अक्षरं पाठ करून ठेवतात. खरंच करतात! आजोबांनी घडाघडा शेवटची ओळ म्हणून दाखवली. काकांनी गुपचूप दुसरा तक्ता लावला, तर आजोबा परत तीच ओळ म्हणाले.

“आजोबा,” काका म्हणाले, “मला फसवून तुम्हाला दिसायला लागणार आहे का? दिसत नाही तर दिसत नाही म्हणा. त्यात लाज कसली?”

आजोबा हसले. काका नाही हसले. त्यांच्या शर्टाच्या खिशात ती गोळी होती, मित्रांनो.

मग पुन्हा रक्त तपासायची वेळ आली. काकूंनी मला पर्समध्ये घातलं. हो, मलाही नेलं दवाखान्यात, साक्षीदार म्हणून! डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि भुवया वर गेल्या. कोलेस्टेरॉल आधीपेक्षाही जास्त.

“गोळी रोज घेताय ना, काका?”

काकांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी मला काढून टेबलावर ठेवलं. “ही बघा ना डबी. मी स्वतः भरते. एक दिवस चुकला नाही.”

“वा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “सगळ्यांनी अशी डबी ठेवली तर माझं काम किती सोपं होईल.” आणि मला कौतुकाने बोट लावलं. शी! मला तर वाटलं, सातही झाकणं एकदम उघडावीत आणि ओरडून सांगावं. पण मी रिकामी होते, आणि रिकामेपण बघून कुणाला कळणार की गोळी पोटात गेली की खिशात? काका पायातल्या चपलेकडे बघत होते. डॉक्टरबाईंनी लिहून दिलं, आजपासून डोस दुप्पट.

आणि तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “गोळी रोज पोटात जातेय आणि तरी वाढतंय, म्हणजे माझ्याच हातचं चुकतंय. मीच तेल जास्त ओतते.”

काका तेव्हाही काही बोलले नाहीत. तिथे बोलायला हवं होतं. मी म्हणते, तिथेच.

घरी आल्यावर काकूंनी तळणीची कढई उचलून माळ्यावर टाकली. लोणी बंद. अंडी बंद. भाज्या नुसत्या उकडायच्या आणि ताटात वाढायच्या. आणि स्वतःसुद्धा तेच खायचं, “मी चमचमीत खाऊ आणि तुमच्यापुढे हे ठेवू होय?” दुकानातली माणसं आता पडद्याकडे बघेनाशी झाली. काकू बारीक झाल्या, चेहरा उतरला. एकदा आत्याचा, म्हणजे काकांच्या बहिणीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

“वहिनी, रविवारी येतेय गं. तुझ्या हातचं खाऊन किती दिवस झाले!”

“नको,” काकू म्हणाल्या. “म्हणजे ये तू, पण जेवण बाहेरून आणू. माझ्या हातचं नको खाऊस.”

“का गं? विष घालतेस की काय?”

आत्या थट्टाच करत होती. पण काकूंनी फोन ठेवला आणि त्या टेबलाशी बसून राहिल्या. माझ्यासमोर. डोळे पुसत म्हणाल्या, “तेच करत आले की काय इतकी वर्षं, कोण जाणे.” आणि पडदा हलला. काका तिथेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ते आत आलेच नाहीत, मागे वळले. मला वाटलं, गेले परत, आता हे असंच चालू राहणार. पण ते आले, हातात एक जुनं चष्म्याचं घर घेऊन. ते टेबलावर माझ्या शेजारी ठेवलं आणि उघडलं. आत चष्मा नव्हता. नुसत्या पांढऱ्या छोट्या गोळ्या, काठोकाठ.

“तुझ्या हाताचं काही चुकलेलं नाही,” काका म्हणाले. “मी घेतच नव्हतो. झाकण वाजवत होतो नुसतं.”

काकूंनी गोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर, अरे देवा! मग काकांकडे.

“आणि मला उकडलेला कोबी खायला घातलात?”

“अगं...”

“गप्प बसा! गोळी नको होती, नको म्हणायचं. मी काय बांधून पाजणार होते? मी इथे स्वतःला खुनी समजतेय आणि तुम्ही रोज टक्-टक् वाजवताय!” मग त्यांना रडूच आलं. “मला खोटं पाडलंत त्या बाईंसमोर. डबी घेऊन गेले होते मी. मिरवत.”

काका उभेच राहिले. बसायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती.

पुढच्याच दिवशी दोघं डॉक्टरबाईंकडे गेले. मला कुणी नेलं नाही, पण परत आल्यावर काका फोनवर ताईला सगळं सांगत होते, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. आधी चिडल्या मात्र खूप. म्हणाल्या, “मी तुमचा डोस दुप्पट केला, त्या डबीवर विश्वास ठेवून. कळतंय का तुम्हाला?” आणि मग म्हणाल्या, “आता विचारा. व्हिडिओतलं विचारा, दादांचं विचारा. सगळं.” काकांनी विचारलं. त्या म्हणाल्या की नुसतं कोलेस्टेरॉल म्हणजे हृदयरोग नव्हे, हे खरंय. दादा सिगारेट ओढायचे, त्यांना शुगर होती, म्हणून नॉर्मल आकड्यानेही त्यांना वाचवलं नाही. पण म्हणून आकड्याला अर्थ नाही असं होत नाही. वाढलेलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांना हळूहळू त्रास देतं, आणि गोळीने धोका कमी होतो. संपत नाही, कमी होतो. ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय त्याला फायदा मोठा, काकांसारख्याला त्याहून लहान, पण बीपी आणि सख्खा भाऊ गेलेला बघता त्या स्वतः तरी ‘घ्या’च म्हणतील. पोटऱ्यांचं दुखणं गोळीमुळे असेल किंवा नसेलही. त्यासाठी तपासणी करता येते, गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो. “फक्त तुम्ही मला सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “डबीशी चर्चा करून काय मिळालं?”

बघा, शेवटी माझंच नाव.

काका आता दुसरी गोळी घेतात, कमी डोसची, पाकिटातूनच, आणि पाय दुखले की तसं सांगतात. मला काकूंनी टेबलावरून उचललं. “ही नको मला डोळ्यांसमोर,” म्हणाल्या, आणि पडद्यापलीकडे दिली. आता मी दुकानात असते. माझ्या घरांत चष्म्याचे बारीक स्क्रू, नाकावर टेकणाऱ्या मऊ गाद्या, तुटक्या काड्या. काम बरं आहे. पण कुणी गिऱ्हाईक म्हणालं ना, “डबी छान आहे हो,” की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. माझ्यासारखी डबी तुमच्या घरी असेल तर तिला पुसा, नीट ठेवा, पण ती रिकामी दिसली म्हणून कुणाला शाबासकी देऊ नका. माणसालाच विचारा. आणि त्याने काही वेडंवाकडं, व्हिडिओतलं, कसलंही विचारलं, तरी त्याला हसू नका. आणि तुमच्याच मनात शंका आली, तर ती खिशात घालून फिरू नका. जाऊन विचारा, कान लाल झाले तरी.

काकूंचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण काल कढई माळ्यावरून खाली आली. थोड्याशा तेलात काहीतरी परतल्याचा वास दुकानात आला, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान वळवली. ते गेल्यावर पडद्यापलीकडे ताटं वाजली.

“कसं झालंय?” काकूंचा आवाज.

 मग काका म्हणाले, “खरं सांगू? मीठ कमी आहे.”

“बीपी आहे ना तुम्हाला? मुद्दामच घातलंय कमी. जेवा गुपचूप.”