मेजरची जागा

डोव्हरच्या बराकीत भिंतीपलीकडे मेजर पास्क खोकायचा आणि अलीकडे आम्ही नवरा-बायको ऐकत बसायचो. छातीचा रोग. डॉक्टरांनी हात टेकले होते.

आमच्या ह्यांनी, कॅप्टन गार्थनी, कॅप्टनकीतच केस पिकवले. मेजर नोकरीत मेला, तर त्याची जागा सगळ्यांत जुन्या कॅप्टनला, म्हणजे ह्यांना, फुकट मिळणार आणि मेजरच्या बायकोच्या हाती धुपाटणं. पण आमच्या फौजेत हुद्दे विकता-घेता येतात; त्यानं जिवंतपणी हुद्दा विकला, तर पैसे बायकोला आणि जागा विकत घेणाऱ्याला. घेणारा टपलेलाच होता. कॅप्टन हाइद! मिसरूडही धड फुटलेलं नाही, बाप मात्र गडगंज.

पास्कनं विकायचा अर्ज केला. आता रीत अशी, की "माझी ऐपत नाही, दुसऱ्याला विका" असं जुन्या कॅप्टननं आधी सही करून द्यायचं. त्याशिवाय अर्ज लंडनला हलत नाही. तो कागद आमच्या टेबलावर येऊन पडला.

"अहो, सही करू नका," मी म्हटलं. "थोडे दिवस कळ काढा. तो काही फार काढत नाही आता."

"हेस्टर, काय बोलतेस हे!"

"बोलणारच! माल्टा झालं, कॅनडा झालं, दोन लेकरं परमुलखात पुरली मी. थकले आता. एकदा तरी मला मेजरीणबाई म्हणू दे कुणी!"

हे रोज संध्याकाळी पास्कच्या उशाशी बसून त्याला सूप भरवायचे. त्याची बायको डॉर्कस दारात विचारायची, "भाऊजी, कागदाचं काही?" हे म्हणायचे, "बघतो, वहिनी." कागद तसाच पडून.

एका सकाळी पलीकडून खोकला ऐकूच येईना. हे धावत जाऊन आले.

"गेला?" मी विचारलं.

"नाही. ताप उतरलाय. शांत झोपलाय." हे टेबलाशी येऊन बसले. "ते बघून मला वाईट वाटलं गं. वाईट! इतक्या वर्षांचा दोस्त माझा, आणि तो जगला म्हणून मला वाईट वाटलं."

त्यांनी दौत ओढली, सही केली आणि कागद घेऊन स्वतःच कर्नलकडे गेले. मी अडवलं नाही. वाईट मलाही वाटलं होतं.

विक्री मंजूर झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पास्क गेला. बहिणीच्या गावी निघताना डॉर्कस माझ्या गळ्यात पडून रडली.

"देवमाणसं आहात तुम्ही," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला भाऊजींचाच नंबर, बघ."

मी मान डोलावली. बाहेर मैदानावर नवा मेजर हाइद घोडा दौडवत होता. चोवीस वर्षांचा, आणि तब्येतीनं ठणठणीत.